गोदाबाईच्या निळ्या थैल्या

"पन बर्फात मीठ टाकताच काहून जी तुमी, कुर्बानभाई? बर्फ हाय का भाजी हाय?"

"अवो भाभी, नुसता बर्फ लय गरीब असते. त्याच्यावर खडेमीठ फेकलं का थो चिडते. मंग अशी थंडी मारते का कुल्फीचा दगड होते. लावा हात, लावा."

पार्बताबाईनं कुल्फीच्या गाडीवरच्या मडक्यात बोट घातलं अन् इंगळी डसल्यासारखं मागं घेतलं.

"किती मीठ टाकता?"

"मडक्याले चार मुठी. काहून? कुल्फीचा धंदा टाकता का? माह्या पोटावर पाय नका देऊ बाप्पा."

"तुमच्या नाई," पदराला बोट पुसत पार्बताबाई म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या तरी द्याचा हाय."

कुर्बान हसला. बाई मजाक करून राहिली असं त्याला वाटलं. पण पार्बताबाईला मजाक करायची सवय नव्हती. ज्या दुसऱ्या कोणाच्या पोटावर पाय द्यायचा होता, ती तिची सख्खी धाकटी जाऊ, गोदाबाई. राजापेठेच्या त्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायची.

ही गोष्ट दोन हजार आठच्या एप्रिलातली. ऊन असं की अमरावतीची कुत्री दुपारी नालीत झोपत. वरून सहा तासांचं भारनियमन. रात्री लावलेलं दही सकाळी दहा वाजता आंबट अन् बारा वाजता तोंडात घेववत नव्हतं. अन् पार्बताबाईचा सगळा संसार चालला होता तो डब्यांवर.

ती अन् तिचा नवरा सहदेव, दोघं धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवरच्या गावचे. चार एकर वावर. कापूस लावावा तर अळी, सोयाबीन लावावं तर पाणी नाही, अन् दोन्ही साधलं तर भाव नाही. त्या वर्षांत गावाकडे मोटारींतून पुढारी येत, वावराच्या धुऱ्यावर उभं राहून फोटो काढत अन् पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकून जात. ज्याला जमलं त्यानं वावर ठोक्यानं दिलं अन् पोरगं अमरावतीच्या क्लासला टाकलं. जमिनीत पिकत नाही तर निदान पोट्ट्याच्या डोक्यात तरी काही पिकेल, हा हिशोब. राजापेठेत खोलीखोलीत चारचार पोट्टे कोंबले गेले. त्यांना जेवू कोण घालणार, हे पार्बताबाईनं सगळ्यांच्या आधी ओळखलं. दोन डब्यांपासून सुरुवात केली, चाळीसवर नेले, त्यात थोडे नोकरीवालेही. सहदेव लुनावरून डबे पोचवायचा. तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन पोट्टे डब्याचं झाकण चाटत.

तीन वर्षांमागं गोदाबाई आली. दीर अन् ती, एक पेटी, एक गादी. पार्बताबाईनं स्वतः तिला शिकवलं. पोळी गरम असताना डब्यात घालायची नाही, तिला घाम सुटतो. वरण खालच्या कप्प्यात, लोणचं वरच्या. पोट्ट्याला परीक्षेच्या दिवशी कारलं द्यायचं नाही. वरून आपल्या चाळीसातले सहा डबे काढून तिला दिले, कारण तेव्हा पार्बताबाईला दम लागत होता. त्या सहा डब्यांचा हिशोब ती अजूनही बोटांवर मांडी.

गोदाबाई ठेंगणी, दात पुढे, वरण पातळ, भाजीत तेलाचा तवंग. पण पोट्टे तिच्या ओट्यावर बसत. ती त्यांच्याशी काय बोलते, एवढं हसण्यासारखं काय असते, हे पार्बताबाईला कधी कळलं नाही. ती दारात उभी राहून तांदूळ निवडायचं सोंग करी अन् कान तिकडं ठेवी. ऐकू काही येत नसे, नुसतं हसणं येई. ते हसणं तिच्या पोळीत कचकच लागल्यासारखं दाताखाली येई.

त्या उन्हाळ्यात गोदाबाईनं निळ्या थैल्या काढल्या. वहीएवढ्या, चपट्या, आत निळं थुलथुलीत काहीतरी. रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवायच्या, सकाळी दह्याच्या डब्याखाली एक, वर एक, वरून फडकं. संध्याकाळी थैल्या परत येत, धुऊन पुन्हा खणात. रोज त्याच.

"काकू," एका पोट्ट्यानं पार्बताबाईच्या तोंडावर सांगितलं, "गोदाकाकूचं दही असं गार असते का दात ठनकते."

"ठनकते तं डॉक्टरले दाखव," पार्बताबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

घरात तिची पोरगी खुशी, अकरावीची, तीही येऊन म्हणाली, "माय, काकूनं मले थैली गालावर लावून देल्ली. इतकं मस्त वाटते!"

"मंग तिच्याच घरी राहाले जा."

"मी काय म्हनलं वो?"

"काई नाई म्हनलं. भांडे घास."

हे सगळं तिनं गिळलंही असतं. पण क्लासवाल्या कुंदनसरांनी चिखलदऱ्याची सहल काढली. रविवारी सकाळी सहाला बस, साठ पोट्टे, एक वाजता वर जेवण. पोळी, भाजी, दहीभात. सरांनी दोघी जावांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी दोघी एकएक पिशवी दह्याची पाठवा. सकायी आठले ठेवतो, एक वाजता उघडतो. जिचं दही गार राहीन तिले सहल. अन् जूनमदी नवी बॅच येते, तिचे डबे बी तिलेच."

नव्या बॅचचे डबे म्हणजे पन्नास तरी. ते गोदीकडं गेले तर गल्लीत पार्बताबाई धाकटी होणार अन् गोदी मोठी. पार्बताबाईला पन्नास डब्यांपेक्षा हेच जास्त लागलं.

ती बुधवारी भर उन्हात बाजारात गेली. प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानदारानं तीन तऱ्हेच्या थैल्या तिच्यापुढं टाकल्या. एक कडक विटेसारखी, महाग. एक गोदीच्या थैलीसारखी मऊ निळी, ऐंशी रुपयांना एक. अन् एक लहान पोरांच्या डब्यातली, वर अस्वलाचं चित्र, पंचवीसची.

"ही अस्वलवाली देऊ का, बाई?"

"टिकते का?"

"गॅरंटी नाई. फुटली तं निया रस्सा भाजीत."

पार्बताबाईनं मऊ थैली दाबली, हुंगली, शिवण ओढून पाहिली. सहलीला आठ तरी लागल्या असत्या. आठ थैल्यांत गॅसचं सिलिंडर येऊन वर पैसे उरले असते. तिनं थैली खाली ठेवली, पुन्हा उचलली. गोदीनं एवढे पैसे आणले कुठून, हाच विचार. दीर आपल्याला न सांगता कुठं कमावून राहिला काय?

दुकानदाराला कीव आली असावी. "बाई, खरं सांगू का? घरी बाटलीत पानी गोठवलं तरी काम होते. फक्त बाटली चपटी पायजे. गोल बाटली डब्याले लागूनच बसत नाई."

चपटी बाटली. वऱ्हाडात चपटी बाटली म्हटली की एकच, दारूची. पार्बताबाईनं घरी येऊन नवऱ्याला हुकूम सोडला.

"खुशीचे बाबा, भंगारवाल्याकडून दहा चपट्या आना. प्लास्टिकच्या."

सहदेव जेवता जेवता थांबला. "वीस वर्षं मले चपटीचं नाव काढू देल्लं नाई, आता दहा आन म्हंते. बरी हायेस ना?"

"रिकाम्या."

"थ्याच तं दुःखाची गोष्ट हाय."

चपट्या आल्या. तिनं सोड्यानं तीनदा धुतल्या, कागद खरवडून काढले, उन्हात वास घालवला. त्या रात्री साधं पाणी भरून गोठवल्या अन् गुरुवारी दह्याला चारी बाजूंनी लावून पाहिल्या. एक वाजेपर्यंत दही गार राहिलं. बर्फ अर्धा शिल्लक होता.

"झालं ना मंग," खुशी म्हणाली. "अगदी काकूच्या दह्यावानी गार हाय."

तिथंच बिघडलं. काकूच्या दह्यावानी. पार्बताबाईला काकूच्या दह्यावानी नको होतं. तिला असं गार दही पाहिजे होतं की गोदीचं दही त्याच्यापुढं चुलीवरचं वाटावं. अन् म्हणून ती त्या दुपारी कुर्बानच्या गाडीजवळ उभी राहिली होती, मडक्यात बोट घालून.

तिनं चपट्या रिकाम्या केल्या. एका पातेल्यात मीठ विरघळेना होईस्तोवर विरघळवलं अन् ते पाणी चपट्यांत भरलं.

खुशीनं पाहिलं. "माय, मिठाचं पानी आपल्या फ्रिजात गोठत नाई."

"तुले काय समजते? थो मानूस तीस वर्षांपासून कुल्फी विकून राहिला."

"अवो, थो बर्फात मीठ टाकते. पान्यात नाई."

"बर्फ कायचा असते? पान्याचाच ना? बस मंग."

खुशीनं कपाळावर हात मारला अन् पुस्तक उघडलं. रात्री पार्बताबाई दोनदा उठून खण उघडून पाहून आली. चपट्या हलवल्या की आत डुबुक डुबुक. तिला वाटलं मीठ कमी पडलं. पहाटे उठून तिनं प्रत्येकीत आणखी एकएक चिमूट मीठ कोंबलं.

शुक्रवारी एक वाजता क्लासच्या ऑफिसात पोट्ट्यांची गर्दी. कुंदनसरांनी आधी गोदाबाईची पिशवी उघडली. थैल्या अजून कडक, डब्यावर दव. चमचा फिरला, पोट्ट्यांनी माना डोलावल्या. मग पार्बताबाईची पिशवी. सरांनी हात घातला अन् बाहेर निघाली चपटी. आत पाणी हिंदकळत होतं.

"सर, काकूनं क्वार्टर पाठवली!" मागून कोणीतरी ओरडलं अन् अख्खं ऑफिस फुटलं. पोट्टे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. कुंदनसरांनी ओठ दाबून धरले, पण तेही सुटले. दही कोमट होतं, वर बुडबुडे.

"पार्बताकाकू, भाजी तुमचीच भारी," सर म्हणाले. "पन दही गोदाकाकूचं."

पोट्टे हसले ते पार्बताबाईनं सहन केलं. पोट्टेच ते. पण दाराशी उभ्या गोदाबाईनं तोंडाला पदर लावला होता अन् पदरामागं तिचे खांदे हलत होते.

त्या संध्याकाळी पार्बताबाई वाटी घेऊन जावेच्या दारात गेली. विरजण मागायला. तिचं विरजण घरी चांगलं मोठ्या वाटीभर होतं. पण फ्रिज उघडल्याशिवाय विरजण निघत नाही, अन् तिला त्या थैल्या जवळून पाहायच्या होत्या. हरलेल्या बाईला दुसरं काय हवं असतं, तर जिंकलेलीचा फ्रिज.

"गोदे, चमचाभर विरजण हाय का? माहं बिघडलं."

"या ना, बाई. दिवे लागाच्या आंधीच आल्या ते बरं केलं. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देता येत नाई." गोदाबाईनं फ्रिज उघडला. खणात निळ्या थैल्यांची चळत लागली होती. दहा-बारा तरी. पार्बताबाईच्या डोळ्यांसमोर दुकानदाराचे ऐंशी-ऐंशी नाचले.

"एवढ्या कुठून आनल्या वो? नागपूरहून?"

"कायचं नागपूर, बाई! चौकातला मेडिकलवाला फेकून देते. साखरेच्या बिमारीचं इंजेक्शन येते ना थर्माकोलच्या खोक्यात, त्यात असते ह्या. औषध काढलं का थैल्या कचऱ्यात. मी म्हनलं, मले द्या. धुतल्या का झाल्या."

पार्बताबाईनं वाटी जावेच्या हातात दिली. चौकातला मेडिकलवाला. त्याच दुकानातल्या पोऱ्याला तिनं स्वतः दोन वर्षं डबा पोचवला होता. त्याच पायऱ्यांवर ती थर्माकोलची खोकी पडलेली असत अन् ती पायानं बाजूला सारून वर जाई. गोदीनं या थैल्या विकत घेतल्या असत्या, चोरल्या असत्या, नवऱ्याकडून भांडून आणल्या असत्या, तरी तिला एवढं लागलं नसतं. फुकट! अन् तिच्या पायाखालून!

गोदाबाई वाटीत विरजण घालत होती तेवढ्यात पार्बताबाईनं वरची थैली उलटी केली. मागं इंग्रजी अक्षरं अन् एक चित्र, माणसाचं तोंड, त्यावर लाल फुली. अक्षरं तिला वाचता आली नाहीत. चित्र आलं.

शनिवारी सकाळी डबे निघायच्या आधी ती कुंदनसरांसमोर उभी होती.

"सर, मी सांगनार नव्हती. पन लेकराच्या जिवाची गोष्ट हाय. गोदीच्या थैल्या औषधाच्या कचऱ्यातल्या हायेत. वर तोंडावर फुली मारेल चित्र हाय."

"अवो काकू, थैली बाहेरून लागते, दह्यात थोडीच बुडवते! फुली म्हनजे आतलं खाऊ नका."

"मले काय ठाऊक? मी अडानी. मायबापायले ठाऊक पडलं तं थे काय म्हनतीन, थे तुमी पाहा."

सर खुर्चीत मागं टेकले. तेही चांदूर बाजारकडचे, गावातूनच आलेले. मायबाप काय करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकाचंही पोट दुखलं तर क्लासचं शटर वाकवतील. त्यांनी फोन उचलला अन् एका हॉटेलवाल्याला साठ पाकिटं पुरीभाजी सांगितली. दही रद्द.

पार्बताबाई दारातच थांबली. "हॉटेल कायले? माह्यावाला डबा तं साधा हाय, सर. त्यात औषधगिवषध काई नाई."

"काकू, तुमच्या चपट्या पोट्ट्यायनं घरी फोन करून सांगतल्या. मले तीन बापायचे फोन आले, क्लासमदी दारू येते का म्हनून." सरांनी कपाळ चोळलं. "जूनचे डबे बी हॉटेलवाल्यालेच देतो. झंझटच नको."

ती घरी आली. सहदेवनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली काही नाही. दिवसभर तिनं एकच गोष्ट मनात घोळवली, गोदीलाही मिळालं नाही. त्यातून थोडं सुख मिळतं का, हे ती सारखं चाचपून पाहत होती. दुपारपर्यंत मिळालं. मग आटलं.

रविवारी सकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी बस लागली. पुऱ्यांच्या तेलाचा वास गल्लीभर. पोट्टे गाणी म्हणत चढले. बस गेल्यावर गोदाबाई ओट्यावरून उठली अन् सरळ पार्बताबाईच्या दारात आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"घ्या, बाई." तिनं फडकं ओट्यावर सोडलं. चार निळ्या थैल्या. "सरनं सांगतलं मले."

पार्बताबाई पोळपाट पुसत होती. तिचा हात थांबला नाही. "काय सांगतलं?"

"जे तुमी सांगतलं थे."

"मी तं लेकरायसाठी..."

"राहू द्या. तुमाले लेकरायचं किती हाय थे मले ठाऊक हाय. तुमी मांगतल्या असत्या तं मी देल्या नसत्या, खरं सांगतो. तुमी बी मले देल्या नसत्या. पन आता ह्या चार माह्या कामाच्या नाई, बाकीच्या पुरते."

"काहून?"

"मेडिकलवाल्यानं मोठं थर्माकोलचं खोकं देल्लं, झाकनवालं. दवाखान्यात पेशंटजवळ बसनारे लोक असते ना, त्यायले उद्यापासून डबे चालू करतो. ताक बी. पंचवीस तं झाले सांगून." ती वळली. मग पुन्हा मान फिरवून म्हणाली, "थैल्या आडव्या ठेवजा. उभ्या ठेवल्या का आतलं खाली बसते. अन् खुशी सांगत होती थे मीठ नका टाकजा."

अन् ती हसली. तेच हसणं. पदरही लावला नाही.

दवाखाना. पार्बताबाईनं त्या दवाखान्यासमोरून रोज भाजी आणली होती. बाहेर झाडाखाली शिळी पोळी लोणच्याशी खात बसलेली खेड्यावरची माणसं तिनं रोज पाहिली होती. पाहिली अन् पुढं गेली. थैल्या उचलून गोदीच्या पाठीवर फेकाव्यात असं एकदा वाटलं. पण गोदी तोवर आपल्या घरात शिरली होती.

मागं लुनाच्या किकचा आवाज आला. सहदेव अंगणातून ओरडला, "झाले का वो डबे?"

"कायचे होते? पोट्टे गेले, पन नोकरीवाले अठरा हायेत ना! थांबा."

पार्बताबाईनं थैल्या उचलल्या, बादलीत सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, ब्रशनं घासल्या, पुन्हा धुतल्या. खणातल्या चपट्या काढून मोरीत ओतल्या अन् खुशीच्या हातात दिल्या, "भंगारात दे." थैल्या आडव्या रचल्या. एकीवर दुसरी येऊ नये म्हणून मध्ये कागद घातला. मग खणाचं दार लावून परात पुढं ओढली, कणकेत पाणी घातलं अन् मुठी दाबून मळायला बसली.